थांबत्या यंत्राची आच

पॅनेलचं दार उघडण्याआधी मिस्त्री हाताची मागची बाजू पत्र्याला लावून बघायचे आणि म्हणायचे, "चालतं यंत्र सबनच पाह्यतेत. थांबतं पाहा."

कळंबजवळच्या आमच्या सूतगिरणीत ते वायरमन होते, मी ऑफिसात टायपिस्ट. अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. मालकी दुसऱ्याची, पण काळजी यांनाच.

कापूस पिंजणाऱ्या यंत्राचा जड ढोल चटकन थांबत नाही. मिस्त्रींनी एकदा मला समजावलं, "थांबताना मोटरच वीज बनवते, भाऊ. ती त्या वरच्या पेटीत जाऊन जळते. नुसती गरमी! तीच वीज लाइनीत परत धाडाचं युनिट भेटते. मले थे पाह्यजे."

मग कापसाचे वाईट हंगाम आले. गाठी संपल्या की यंत्रं थांबवायची, चार आल्या की सुरू करायची. दिवसातून कितीदा तरी. पेटी थंडच होईना, आणि तिच्यावर उडता कापूस बसायचा. मिस्त्री रोज शिडी लावून तो झाडत. युनिटसाठी त्यांनी तीन अर्ज दिले. तिन्ही मीच टाइप केले.

"आधी गिरणी टिकू द्या," साहेब म्हणाले.

मिस्त्रींची आई वारली. ते आर्णीला गेले, आणि तेरा दिवस शिडीवर कुणी चढलं नाही.

तेरवी उरकून, मुंडण केलेल्या डोक्यानं ते फाटकात शिरले, तेव्हा पिंजणखात्यातून धूर येत होता. ते तसेच आत धावले. मेन स्विच पाडला, अडकलेल्या एका बाईला दाराबाहेर ढकललं. स्वतः बाहेर आले नाहीत.

आगीच्या अहवालात साहेबांनी 'वायरमनची हलगर्जी' असं लिहायला सांगितलं. मी मुकाट्यानं टाइप केलं.

तो कागद न्यायला मिस्त्रींच्या पत्नी आल्या. "मले वाचता येत नाही. वाचून दाखवा, भाऊ."

दुसऱ्या ओळीला मी थांबलो.

"काहून थांबले?"

"हे खोटं आहे, वहिनी. मीच टाइप केलंय."

मी फाइलीतून तिन्ही अर्ज काढून त्यांना दिले.

अहवाल बदलला नाही. माझी नोकरी गेली. हंगाम संपता संपता सगळ्यांचीच गेली. पण अर्ज दिले त्या दुपारी वहिनी ऑफिसातल्या बाकावर बराच वेळ बसल्या होत्या. एकेका अर्जाच्या तळाशी बोट फिरवत म्हणाल्या, "थे वरचं नाही समजत मले. पण हे सही त्याईचीच हाये."