मुलाखतवाले काका

मुलाखत सुरू करण्याआधी काका मनगटावरचं घड्याळ काढून खिशात टाकायचे. "घड्याळ दिसलं की समोरचा माणूस आटोपतं घेतो," असं त्यांचं म्हणणं. नाशिकला इंदिरानगरच्या जॉगिंग ट्रॅकवर तुम्हीही त्यांना पाहिलं असेल. चालायला म्हणून यायचे आणि कुणाचं तरी ऐकत बाकावर बसून राहायचे.

ओझरच्या विमान कारखान्यात फिटर म्हणून पस्तीस वर्षं काढून ते निवृत्त झाले आणि मुलीच्या बाळंतपणासाठी काकूंबरोबर कॅलिफोर्नियाला गेले. मुलगी-जावई कामात, काकू नातीत, काका रिकामे. घराजवळ द्राक्षाचे मळे होते. काका मूळचे निफाडकडचे, द्राक्षाच्याच गावचे, त्यामुळे कुंपणापाशी पाय थांबायचेच. छाटणी करणारे सगळे मेक्सिकोहून आलेले मजूर. एकमेकांची भाषा कुणालाच येत नव्हती. आपल्याकडे काडी कुठे कापतात ते काकांनी खुणांनी दाखवलं, तर एकाने सरळ आपली कात्रीच त्यांच्या हातात दिली.

"आपलीच माणसं गं ती," ते मला सांगायचे. "टोपी तेवढी वेगळी."

त्या मजुरांनीच त्यांची रोसाशी गाठ घालून दिली. रोसाही त्यांच्यातलीच. इंग्रजी न येणाऱ्या मजुरांबरोबर दवाखान्यात जायची आणि डॉक्टरांचं बोलणं त्यांना समजावून सांगायची, तेही आपल्या सुट्टीच्या दिवशी. काकांनी कारखान्यात जमवलेल्या इंग्रजीत तिला प्रश्न विचारले आणि सगळं फोनवर रेकॉर्ड केलं. मग तिच्यासारखी आणखी माणसं शोधली. मजुरांना संध्याकाळी इंग्रजी शिकवणारा एक न्हावी. मळ्यातल्या बायकांची मुलं सांभाळणाऱ्या दोघी बहिणी.

नाशिकला परतल्यावर त्यांच्या डोक्यात पॉडकास्ट शिरला: या मुलाखती मराठीत सांगून लोकांना ऐकवायच्या. मी शेजारच्याच इमारतीत राहते, घरून ऑडिओ एडिटिंग करते. काकूंनी मला आमच्या जिन्यात गाठलं. "यांचं काहीतरी कर बाई. दिवसभर माझीच मुलाखत चालू असते."

रोसाचं रेकॉर्डिंग ऐकताना एका ठिकाणी माझा हात थांबला. नऊ वर्षांची असताना ती आईबरोबर डॉक्टरांकडे गेली होती. आईला इंग्रजी येत नव्हतं. डॉक्टर म्हणाले, आता उपाय उरला नाही. त्या एवढ्याशा पोरीने आईला सांगितलं, "ते म्हणतात, तू बरी होशील." आई हसली. तिने डॉक्टरांचा हात हातात घेऊन आभार मानले.

"काका, सुरुवात इथूनच करायची," मी म्हटलं.

"हे घ्यायचं नाय. पुढे ऐक, ती काय म्हणते."

पुढे ती म्हणत होती की हे तिच्या भावांना अजून माहीत नाही.

"तिचे भाऊ कुठे मराठी ऐकायला बसलेत?"

काकांनी कानावरचा हेडफोन काढून ठेवला. मग म्हणाले, "तिने ते मला सांगितलं, पोरी. लोकांना नाय."

तेवढा भाग त्यांनी माझ्याकडून समोर बसून काढून घेतला. मला राग आला होता, आणि मी तो लपवलाही नाही. उरलं ते चांगलं पण साधंसं बोलणं. ऐकणारे मोजकेच, त्यातही निम्मे काकांचे कारखान्यातले मित्र. एकाने लिहिलं, "आवाज स्वच्छ आलाय."

जवळजवळ वर्षभराने एका सकाळी काका धापा टाकत माझ्या दारात आले. रोसाचा निरोप आला होता. तिने भावांना सगळं सांगितलं होतं. थोरला खूप रडला आणि म्हणाला, "म्हणून आई शेवटपर्यंत माझ्या पुढच्या वाढदिवसाचे बेत करत होती." निरोपाच्या शेवटी रोसाने लिहिलं होतं, आता खुशाल ऐकवा.

मी खाली मान घालून कबूल केलं, की काढलेला तुकडा मी जपून ठेवला होता.

"माहीत होतं मला," काका म्हणाले. "तू टाकणारी नाय."

तो भाग ऐकून सुरगाण्याकडच्या एका नर्सचा फोन आला. द्राक्षाच्या हंगामात तिच्या गावाकडची माणसं कामाला इकडे येतात. त्यांची बोली वेगळी, डॉक्टरांची मराठी नीट कळत नाही, म्हणून सुट्टीच्या दिवशी ती दवाखान्यात त्यांच्याजवळ बसते. "हे काम आहे हे मला ठाऊकच नव्हतं," ती म्हणाली. "मला वाटायचं, आपलीच माणसं म्हणून करते." काकांनी तिची मुलाखत घेतली आणि मग तिची रोसाशी व्हिडिओवर गाठ घालून दिली. दोघी तासभर बोलल्या. मध्ये दुभाषी काका. दोघींचं एकमेकींना सांगताना घामाघूम, पण चेहरा लग्नघरातल्या माणसासारखा.

यंदा काका-काकू मुलीकडे कायमचेच राहायला गेले. इथल्या घराला कुलूप आहे. ट्रॅकवरून येताना मान अजून त्या खिडकीकडे वळते.

गेल्या आठवड्यात त्यांचं एक रेकॉर्डिंग आलं. काका मोडक्यातोडक्या स्पॅनिशमध्ये एक प्रश्न विचारतात. मळ्यातले सगळे हसतात, कुणीतरी त्यांचा उच्चार सुधारतं, ते पुन्हा विचारतात. मग एक म्हातारा आवाज बोलू लागतो आणि बोलतच राहतो. मला त्यातलं अक्षरही कळत नाही. मध्येमध्ये फक्त काकांचं "हं... हं" ऐकू येतं. ते मात्र अस्सल मराठीत.