वडिलांचा मोबाइल नंबर

मामांनी मला पहिल्यांदा हाक मारली ती अशी : "ए पाचोरा, पिठाची गिरणी, बी पॉझिटिव्ह, इकडे ये." कॉलेजात येऊन मला जेमतेम आठवडा झाला होता. मी आवारातल्या नळावर पाणी पीत होते, आजूबाजूला पोरंपोरी उभी होती, आणि ऑफिसच्या खिडकीतून एक माणूस माझा तालुका, माझ्या वडिलांचा धंदा आणि माझा रक्तगट जगाला ऐकवत होता. मी ओशाळले आणि मनातून सुखावलेही. घर सोडून आलेल्या मुलीला आपल्याला कुणीतरी ओळखते याचे अप्रूप असते. नावाने का नाही हाक मारत, असे पुढे मी त्यांना विचारले होते. ते म्हणाले, "तुझ्या नावाच्या दहा पोरी आहेत. पाचोऱ्याची, गिरणीवाल्याची, बी पॉझिटिव्ह एकच."

मामा म्हणजे जळगावातल्या आमच्या कॉलेजचे ऑफिस सुपरिंटेंडेंट. प्राचार्य बदलत, मामा तिथेच. पांढरा शर्ट, खिशात दोन मोबाइल, कपाळावर उभे गंध. त्यांना दोन मुलगे होते, मुलगी नव्हती. "देवाने मला लेक दिली नाही, कॉलेजने दिल्या," हे त्यांचे वाक्य दरवर्षी प्रवेशाच्या हंगामात पालकांना ऐकायला मिळे. पालक हात जोडत. माझ्या वडिलांनीही जोडले होते. परतताना बस स्टँडवर ते मला म्हणाले, "मामा शेतस ना, मंग माले काय घोर नही."

हे सगळे नाटक होते असे मला कधीच वाटले नाही, आजही वाटत नाही. दुसऱ्या वर्षी मला डेंग्यू झाला. होस्टेलच्या रेक्टर मॅडम थर्मामीटर शोधत राहिल्या आणि मामांनी रिक्षा आणून मला दवाखान्यात नेले. प्लेटलेट्स कमी झाल्या तेव्हा त्यांनी ऑफिसात बसल्या बसल्या कॉम्प्युटरवर बी पॉझिटिव्ह पोरांची यादी काढली आणि तासाभरात चार जण दवाखान्यात उभे केले. वडील पाचोऱ्याहून पोचेपर्यंत ते माझ्या उशाशी बसून होते. त्यांच्या घरून आलेली मुगाची खिचडी त्यांनी मला स्वतः भरवली. माझा जीव त्या कॉम्प्युटरने वाचवला, असे वडील गिरणीवर येणाऱ्या प्रत्येकाला सांगत. मामांवरचा राग मला नीट करता येत नाही तो यामुळे.

आमच्या प्रवेश अर्जाला अंत नव्हता. जात, पोटजात, उंची, वजन, चष्मा आहे का, वडिलांचे उत्पन्न, शेत किती, घर स्वतःचे की भाड्याचे, भावंडे किती, त्यातली लग्नाची किती. रसायनशास्त्र शिकायला माझ्या धाकट्या बहिणीचे वय कशाला लागते, असे मी एकदा गमतीने म्हटले. मामा गंभीर झाले. "बेटा, कॉलेजला सांगितलं ते घरात सांगितलं. घरात कुणी लपवतं का?" मी सगळे रकाने भरले. सगळ्यात वर, ठळक अक्षरांत, वडिलांचा मोबाइल नंबर. आमचा स्वतःचा नंबर द्यायला खाली एक छोटी ओळ होती. तिच्यावर तारांकन नव्हते, ती रिकामी ठेवली तरी चालत असे.

हे घर फार मोठे निघाले. प्रवेश झाल्याच्या पंधरवड्यात वडिलांना स्पर्धा परीक्षांच्या क्लासचे फोन सुरू झाले, मग विमा एजंटचे, मग कमी व्याजाने स्कूटी देणाऱ्यांचे. सगळ्यांना माझे नाव, वर्ग, विषय तोंडपाठ. निवडणूक आली तेव्हा आमच्या संस्थाचालक साहेबांच्या आवाजातला फोन गिरणीवर आला : आपली कन्या आमच्या संस्थेत शिकते, ती आमचीच कन्या आहे, तरी आशीर्वाद असावा. वडिलांना तो फोन खरा वाटला. त्यांनी गिरणी बंद करून, पिठाचे हात पुसून, त्या ध्वनिमुद्रित आवाजाला "हो साहेब" म्हटले. मी मामांना विचारले, आमचे नंबर बाहेर कसे जातात? मामा म्हणाले, "बाहेर कुठे? सगळे घरचेच लोक आहेत." आणि पुढ्यातला चहा माझ्याकडे सरकवला. त्यांच्या टेबलावरचा चहा प्यायल्यावर पुढचा प्रश्न विचारायचा धीर होत नसे.

मग होस्टेलच्या गेटवर अंगठ्याचे मशीन आले. जाताना अंगठा, येताना अंगठा. मामांनी स्वतः नारळ फोडला आणि पहिल्या दिवशी उभे राहून एकेकीचा अंगठा नीट टेकवून घेतला. ज्यांचे अंगठे भांडी घासून, कापूस वेचून झिजले होते त्यांचे मशीन घेईना. त्यांना मामा थोडी हँड क्रीम लावायला सांगत आणि थट्टा करत, "तुम्ही तर भूतच आहात, कुठे नोंदच नाही." आम्ही हसायचो. हे तुमच्या सुरक्षेसाठी आहे, असा फलक वर होता. आम्हाला सुरक्षित वाटतही होते.

माझ्या खोलीत बोदवडची रेश्मा होती. तिचे वडील लाकूडकाम करत. आम्हा दोघींनी वनरक्षकाच्या भरतीचा अर्ज भरला होता आणि घरी सांगितले नव्हते. निवड झाली की सांगू, असे ठरले होते. लेखी परीक्षा दोघी पास झालो. उरली होती धावण्याची चाचणी. होस्टेलचे दार पहाटे उघडले की आम्ही अंगठा टेकवून मेहरूण तलावाकडे निघायचो. तिथे पोलीस भरतीची पोरेपोरी, फिरायला आलेले म्हातारे, मोसंबीचा रस विकणारा, सगळे असत. रेश्मा ओढणी कमरेला बांधून धावे. मी वडिलांचे जुने बूट आत कापूस कोंबून घालत असे. त्या काळात मला आयुष्यात पहिल्यांदा भूक लागल्यावर आनंद व्हायचा. सातपुड्यात नेमणूक मिळाली तर कोणत्या रंगाची गाडी घ्यायची इथपर्यंत आमचे बोलणे गेले होते.

मामांचा आणखी एक छंद होता, तो सर्वांना माहीत होता आणि सर्वांना आवडत होता. ते लग्ने जुळवत. कुणी धुळ्याचे, कुणी अमळनेरचे पाहुणे ऑफिसात येऊन बसत, मामा कॉम्प्युटरमध्ये जात टाकत, तालुका टाकत, उंची टाकत. पुढ्यात चार-पाच पोरींचे फोटो उभे राहत. त्या वेळी त्या पोरी वरच्या मजल्यावर प्रॅक्टिकलला परीक्षानळी धरून उभ्या असत. मामा यासाठी कुणाकडून सुपारीचे खांडही घेत नसत. "चांगल्या घरात पडली पाहिजे पोर," एवढेच म्हणत. आणि वधूवर सूचक मंडळाकडे नसते ती एक गोष्ट मामांकडे होती. मुलीची हजेरी. "नव्वद टक्के हजेरी आहे. आणखी कसलं चारित्र्य हवं तुम्हाला?" असे ते छातीठोकपणे विचारत.

धुळ्याच्या एका खत-बियाणांच्या दुकानदाराने मुलासाठी स्थळ विचारले, आणि मामांनी त्यांना मी दाखवली. मला नाही, माझ्या वडिलांना फोन केला. वडिलांना स्वर्ग दोन बोटे उरला. मुलाकडच्यांनी रीतीप्रमाणे वळणाची चौकशी केली, तेव्हा मामा आणखी एक पाऊल पुढे गेले. हजेरी तर कुणीही दाखवेल, म्हणून त्यांनी गेटच्या मशीनमधून माझ्या जाण्यायेण्याच्या नोंदी छापून काढल्या. पोर किती गुणाची ते कागदावर दाखवावे, हा हेतू. त्यात त्यांना दिसले की ही पोरगी रोज अंधारात बाहेर पडते. सोबत आणखी एक असते. उजाडल्यावर बऱ्याच वेळाने परत येते.

त्या दिवशी मी मामांच्या खिडकीसमोरून निदान तीन वेळा गेले असेन. एकदा तर त्यांनी मला हात केला. त्यांनी मला काही विचारले नाही. त्यांनी माझ्या वडिलांना फोन केला.

दुसऱ्या दिवशी वडील आले. मामांच्या टेबलाशी उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नव्हते. कागद त्यांच्या हातात होता. मी सगळे सांगितले. भरती, लेखी परीक्षा, तलाव, बूट. वडिलांनी ऐकून घेतले. ते ओरडले नाहीत. एवढेच म्हणाले, "मनी पोर तशी नही, हाई माले माहीत शे. पन हाऊ कागद लोकेसना हातमा पडना, ते मी कोनकोनले समजाडू?" मामांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. "आधीच मामाला सांगायचं ना बेटा. घरात कुणी लपवतं का?" तासाभरात माझी ट्रंक रिक्षात होती.

मामांनी रेश्माच्याही वडिलांना फोन लावला होता. मामांचा न्याय सगळ्यांना सारखा. पण रेश्माच्या वडिलांनी रिचार्जला पैसे नव्हते म्हणून ते सिम केव्हाच टाकून दिले होते, आणि रेश्माने नवा नंबर ऑफिसला कळवायचा आळस केला होता. "आपण डायल केलेला नंबर अस्तित्वात नाही." मामांनी दोन-तीनदा प्रयत्न केला, मग परीक्षेची गडबड सुरू झाली आणि ते विसरून गेले. रेश्मा एकटी धावत राहिली. आज ती यावलच्या जंगलात वनरक्षक आहे. खाकी गणवेशातला तिचा फोटो मी कधी कधी मोठा करून बघते. आम्ही दोघी एकाच पहाटे एकाच मशीनवर अंगठा ठेवत होतो. तिच्या बापाचा नंबर लागला नाही, माझ्या बापाचा लागला. बाकी काही फरक नव्हता.

स्थळ मोडले नाही. पोरगी व्यायामाला जात होती, तब्येतीने चांगली आहे, असे मामांनी धुळ्याला पटवून दिले. मग वडिलांना घाई झाली. माझ्या मैदानी चाचणीच्या दिवशी आमच्या दारात मांडव पडत होता. मी आईजवळ एकदा बोलून पाहिले. आई म्हणाली, "आते कसाले काढस तो विषय?" लग्नात मुलीला बोहल्याकडे मामा घेऊन जातो. माझे सख्खे मामा होते, तरी वडिलांनी आग्रहाने कॉलेजच्या मामांना पुढे केले. मंगलाष्टके संपेपर्यंत त्यांचा हात माझ्या खांद्यावर होता. ते रडत होते. खरेखुरे रडत होते, आणि मला त्यांचा हात झटकून टाकावासा वाटत होता.

नवरा वाईट नाही. हे वाक्य मी इतक्यांदा म्हटले आहे की आता ते माझ्या नावापुढच्या पदवीसारखे झाले आहे. बीएस्सीचे शेवटचे वर्ष मी धुळ्याहून परीक्षा देऊन पूर्ण केले. दुकानात बसते. कुठल्या बोंडअळीला काय फवारायचे ते मला येते. अधूनमधून वडिलांच्या मोबाइलवर अजूनही कॉलेजचा मेसेज येतो, आपली पाल्य आज गैरहजर आहे. वडील तो जपून ठेवतात आणि मी माहेरी गेले की दाखवून हसतात. मी हसत नाही.

मामा गेल्या हिवाळ्यात गेले. जुन्या विद्यार्थिनींच्या ग्रुपवर दिवसभर श्रद्धांजलीचा पूर आला. कुणाचे जातीचे प्रमाणपत्र, कुणाची फी, कुणाचे लग्न. सगळे खरे होते. मी लिहायला बसले आणि काही लिहिता आले नाही. 

त्याच्या वर्षभर आधी ते धुळ्यात डोळ्यांच्या दवाखान्यात आले होते, तेव्हा आठवणीने दुकानात आले. थकले होते, काठी आली होती. मी चहा मागवला. ते म्हणाले, "सुखात आहेस ना? म्हणजे माझी निवड चुकली नाही." दुकानात गिऱ्हाईक नव्हते. इतकी वर्षे जे तोंडाशी येऊन थांबत होते ते मी त्यांना विचारले. "मामा, तो कागद तुमच्या हातात होता आणि मी खिडकीसमोरून जात होते. एकदा हाक मारून मला का नाही विचारलं?"

मामा खरोखर गोंधळले. मी राग धरला आहे हे त्यांच्या लक्षातच आले नाही, प्रश्नच त्यांना नवा होता. ते म्हणाले, "बेटा, पोरीची गोष्ट पोरीला कशी विचारायची? बापालाच विचारतात."

तेवढ्यात माझी मुलगी शाळेतून आली. दप्तर फेकले, माझ्या कपातला चहा प्यायली आणि मामांकडे टक लावून उभी राहिली. मामांचा चेहरा उजळला. "पहिलीत का? आपल्या संस्थेची इथे धुळ्यातही शाळा सुरू झालीय आता. पुतण्या तिथेच आहे माझा." खिशातून मोबाइल काढून त्यांनी मला विचारले, "हिचं पूर्ण नाव काय? आणि जन्मतारीख?"

"तिलाच विचारा, मामा," मी म्हटले.

मामा हसले. मुलगी त्यांच्यासमोर हातभर अंतरावर, सांगायला तोंड उघडून उभी होती. आणि मामा बोट मोबाइलवर तसेच धरून माझ्याच तोंडाकडे बघत राहिले.