प्रत्येक शाळेला बारा बाकं

मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो आमच्या वाडीवरच्या शाळेतल्या बाईंचा. आईवडील वीटभट्टीवर जायचे तेव्हा बाईंनी मला स्वतःच्या घरी ठेवून चौथी पूर्ण करवली. पुढे मी पनवेलला शिकलो, वाडीतला पहिला पदवीधर झालो आणि पंचायत समितीच्या शिक्षण विभागात कनिष्ठ सहायक म्हणून लागलो. एवढं शिकून पहिलं मोठं काम केलं ते बाईंना अडचणीत आणण्याचं.

राज्य कार्यालयाकडून तालुक्याला बाकं आली होती. सोबत पत्र होतं की कोणत्याही शाळेवर अन्याय होऊ नये. वाटपाची यादी करायला आमच्या साहेबांनी, म्हणजे गटशिक्षणाधिकाऱ्यांनी, मला सांगितलं. मी दोन दिवस विचार केला आणि प्रत्येक शाळेपुढे बारा लिहिलं. वरपासून खालपर्यंत बारा, बारा, बारा. साहेब म्हणाले, आता कोणी तोंड उघडणार नाही. मी ती यादी घरी नेऊन आईलाही दाखवली. तिला वाचता येत नाही, पण सगळं कसं एका ओळीत आलंय, हे तिला आवडलं.

विचुंब्याकडच्या एका शाळेत नव्या इमारतींवर काम करणाऱ्यांची इतकी मुलं आली होती की वर्गात चप्पल ठेवायला जागा नव्हती. तिथल्या मुख्याध्यापकांनी बारा बाकं पाहिली आणि बाकावर बसण्याचे वार ठरवून टाकले. पहिलीचा सोमवार, दुसरीचा मंगळवार. मुलं आपल्या वाराला तेल लावून, ठेवणीतला सदरा घालून यायची.

आणि आमच्या वाडीवर मुलं होती अकरा. त्यात सगळी बाकं नववीच्या मापाची. पहिलीतली मुलं बसली की समोरून नुसते भांग दिसायचे. बाई भांग मोजून हजेरी घ्यायच्या. एका बाकावर दोघं बसायची; उरलेली सहा बाकं ओसरीवर होती. त्यांतल्या एकावर सतत कोणती ना कोणती कोंबडी अंड्यांवर बसलेली असायची, त्यामुळे ते हलवायची सोय नव्हती.

चार महिन्यांनी बाईंनी करवत मागवली आणि सहा बाकांचे पाय कापले. इथपर्यंत ठीक होतं. पण बाई पडल्या काटेकोर. कापलेले तुकडे त्यांनी सुतळीने बांधले आणि डेडस्टॉक रजिस्टरमध्ये, म्हणजे शाळेच्या सामानाच्या वहीत, सुवाच्य अक्षरात नोंद केली: ‘बाक १२, पैकी ठेंगणी ६. पाय, सुटे, २४.’

तपासणीच्या दिवशी साहेबांनी नेमकं तेच पान उघडलं.

नोटीस मला टाइप करावी लागली. शासकीय मालमत्तेची उंची विनापरवानगी कमी केल्याबद्दल आपणावर कारवाई का करू नये, याचा खुलासा तीन दिवसांत करावा. बाई महिनाअखेरीस निवृत्त होणार होत्या. इतक्या वर्षांच्या सेवापुस्तकात एकही शेरा नव्हता, आणि आता शेवटच्या पानावर लाल शाईने येणार होता. टाइप करताना मी ‘आपणावर’ हा शब्द तीनदा चुकवला.

बाईंचा खुलासा दुसऱ्याच दिवशी आला. त्यांनी लिहिलं होतं: ‘मुलं बाकाएवढी होतील म्हणून मी चार महिने थांबले. ती झाली नाहीत. मुलांना ओढून लांब करण्याची परवानगी नसल्याने बाकं कापली.’

साहेब चौकशीला निघाले आणि मापं घ्यायला टेप घेऊन मला सोबत घेतलं. वाडीवर पोचल्यावर ते एका न कापलेल्या बाकावर बसले. साहेब चांगले सहा फूट. म्हणाले, उत्तम तर आहे.

खिचडी शिजवणाऱ्या मावशी दारातून म्हणाल्या, “तुमच्या मापाचा हाय ना सायेब. तुमीच घ्या पयलीत नाव.” मग माझ्याकडे वळून, “आनि तूच धाडलीस ना रे ही? शिकून शिकून उंटांची शाला केलीस.”

साहेबांनी पहिलीतल्या एका मुलीला शेजारी बसवून पाटीवर नाव लिहायला सांगितलं. ती बाकाआड नाहीशी झाली. थोड्या वेळाने एक हात वर आला, पेन्सिलीने हवेत पाटी शोधू लागला आणि अखेर साहेबांच्या बाहीवर एक काना काढून खाली गेला.

मी टेप गुंडाळला आणि म्हणालो, “साहेब, चूक बाईंची नाही. यादीची आहे. यादी मी केली.”

“आणि सही कोणाची आहे त्या यादीवर?” साहेब म्हणाले.

ती त्यांची होती. त्यामुळे यादी चुकणं शक्य नव्हतं. ते बराच वेळ बाही झटकत राहिले. मग त्यांनी सुतळीतला एक तुकडा उचलून मुलांना विचारलं की याचं तुम्ही काय करता. मुलं म्हणाली, मोजतो, बेरीज करतो, घरं बांधतो. साहेबांचा चेहरा उजळला. परतताना गाडीतच त्यांनी मला अहवाल सांगितला: सदर शिक्षिकेने टाकाऊपासून टिकाऊ या तत्त्वावर चोवीस नगांचे शैक्षणिक साहित्य तयार केले असून बाकांची उंची त्या ओघात कमी झाली आहे. मी धीर करून विचुंब्याच्या वारांची हकिगतही सांगितली. ओसरीवरची सहा बाकं तिकडे पाठवा, म्हणाले. कोंबडीचं मी सांगितलं नाही, मावशींवर सोडलं.

आठवडाभराने मी बाईंना हे पत्र पाठवलं:

आदरणीय बाई,

साष्टांग नमस्कार. नोटीस मागे घेतली आहे. तुमचं सेवापुस्तक मी पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत दोनदा पाहिलं. लाल शाई कुठेही नाही. पुस्तक आता कपाटात आहे आणि किल्ली, मी उगीच सांगतो असं समजू नका, माझ्याकडे आहे.

यंदाच्या वाटपाची यादीही मलाच करायची आहे. साहेबांनी सांगितलंय की आधी शाळांना विचारा, मुलं किती, केवढी आणि हवं काय, मग आकडा लिहा. सगळ्या शाळांना छापील पत्र गेलं आहे. तुम्हाला हाताने लिहितो, कारण हे मी तुम्हाला पहिल्याच वेळी विचारायला हवं होतं.

बाई, वाडीवर काय पाठवू? निवृत्त होण्याआधी कळवा. तुमच्या जागी कोणाला पाठवावं, हेही लिहिलंत तर बरं होईल. नेमणुकांची यादी माझ्याकडे नसते, पण ज्यांच्याकडे असते ते माझ्या शेजारीच बसतात.

तुमचा विद्यार्थी