किकचं रबर

माझ्या धाकट्या भावाची गाडी मी एक्सचेंजमध्ये देऊन टाकली आणि तिच्याच जातीची नवी गाडी घरी आणली, त्या दिवशी आपण फार शहाणपणाचं काम केलं असं मला वाटलं होतं. आज ते आठवलं की स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटते.

भाऊ चिखल्याला एका ट्रान्सपोर्टवाल्याकडे ट्रकांची देखरेख करायचा. मँगनीजच्या खाणीचा माल वाहणारे ट्रक ते. भंडाऱ्याहून रोजचं जाणं-येणं, आणि खाणीकडच्या रस्त्याची ट्रकांनी पार चाळण केलेली. साध्या गाडीचे शॉकअप सहा महिन्यांत बसायचे. म्हणून त्याने ती उंच गाडी घेतली, जी लोक डोंगरदऱ्यांत हिंडायला घेतात. मडगार्ड टायरच्या हातभर वर, सायलेन्सर मांडीपाशी आलेला, सीट इतकी उंच की सिग्नलला माझे पाय अधांतरी राहायचे. त्याचे टेकायचे. तो माझ्यापेक्षा चार बोटं उंच होता आणि हे सांगायची संधी त्याने कधी सोडली नाही.

आम्ही विणकर. निदान बाबा तरी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचा माग, आणि बाहेर ओटा. गाडी पहिल्यांदा आली तेव्हा बाबा ओट्यावर उभे राहून म्हणाले, "हे गाडी होय का उंट होय बे?"

"बसून तं पाहा बाबा," भाऊ म्हणाला आणि त्याने गाडी ओट्याला लावली. बाबा ओट्यावरूनच एक पाय टाकून मागे बसले. त्या दिवसापासून तो रिवाजच पडला. दर रविवारी संध्याकाळी भाऊ गाडी ओट्याला लावणार, बाबा धुतलेला सदरा घालून ओट्यावरून सीटवर जाणार, आणि दोघं वैनगंगेच्या पुलावरून कारध्याला जाऊन, एकेक चहा पिऊन परत येणार. बाबांचा उजवा पंजा भावाच्या खांद्यावर असायचा. पूर्ण उघडा. मागावरच्या कापडावर हात फिरवताना त्यांचा पंजा जसा पसरलेला असतो, तसा.

मला हेवा वाटायचा. घरादाराच्या माणसाला हे शोभत नाही, पण वाटायचा. मी कचेरीत स्कूटरने जायचो. गोंदिया जिल्हा वेगळा झाला त्या सुमारास मी नोकरीला लागलो होतो, आणि पहिलं काम मिळालं ते फायली निवडायचं. ही इकडची, ही तिकडची. मी ते इतक्या चोखपणे केलं की साहेबांनी पाठ थोपटली होती. बाबा माझ्या स्कूटरवर बसायचे, नाही असं नाही. पण बँकेत जायचं असेल तेव्हा, आणि हात मागच्या कॅरिअरला धरून.

भाऊ गेला, पण गाडीवरून पडून नाही. ताप आला, ताप डोक्यात गेला, नागपूरला नेलं आणि आठव्या दिवशी परत आणलं. गाडी ओट्याला टेकून तशीच उभी होती. मडगार्डवर चिखल्याची काळी धूळ होती. बाबा दर सकाळी मागावरचं फडकं घेऊन गाडी पुसायचे, पण ते मडगार्ड सोडून. आईने एकदा ओला कपडा आणला तर तिच्यावर खेकसले.

त्यानंतर बाबा कारध्याला गेले नाहीत. घराबाहेरच पडेनात. रविवार आला की सदरा बदलायचे आणि ओट्यावर येऊन बसायचे. विणायचे, पण आधी हातभर व्हायचं तिथे चार बोटं. आई म्हणायची, "असं राहिलं तं तुया बाबाचं काही खरं नाही." मलाही तेच दिसत होतं. बाबा आमच्या डोळ्यांदेखत विझत चालले होते, आणि त्यांना पुन्हा पुलापलीकडे न्यायचं एवढं एकच माझ्या डोक्यात होतं.

ती जुनी गाडी मला जमत नव्हती, हे खरं कारण. ती नुसती उंच नव्हती, ती लहरी होती. कार्बोरेटरचं इंजिन. थंडीत चोक ओढायचा, तो किती ओढायचा हे तिचं तीच जाणे. बॅटरी बसली की किक. भाऊ पहिली किक अर्धीच मारायचा, हलकी, कुणाला जागं करावं तशी, आणि दुसरी पूर्ण. दुसऱ्या किकला गाडी उठायचीच. मी दहा मारल्या तरी घाम मला यायचा, तिला नाही. एकदा बाबा ओट्यावरून माझी ती कसरत बघत होते. मग उठून आत गेले.

नवी गाडी मी पाहिली आणि माझा जीव तिच्यात अडकला. त्याच गाडीची पुढची पिढी. इंजिन मोठं, पण आवाज मऊ. चोक नाही, पेट्रोलचा कॉक नाही. पेट्रोल संपत आलं की मीटरच सांगतं. पुढच्या चाकाला एबीएस, रेतीत ब्रेक दाबला तरी चाक घसरत नाही. दिव्याचा उजेड असा की रस्त्यावरचा खडा दिसावा. खड्ड्यातून गेली तर पोटातलं पाणी हलू नये. आणि बटण दाबलं की पहिल्याच फटक्यात चालू. जुनीची आणखी एक गोष्ट नवीत नव्हती, आणि ती नाही याचाच मला तेव्हा आनंद झाला होता. मी शोरूममध्ये जुनी उभी केली, कागदांवर सह्या केल्या आणि नवी घेऊन निघालो. जुनीकडे वळूनही पाहिलं नाही. ही इकडची, ही तिकडची.

घरी आलो तेव्हा दुपार होती. हॉर्न वाजवला. दारातून मला माग दिसत होता. त्याच दिवशी जुना ताणा संपला होता आणि आई खाली बसून नवा ताणा जोडत होती. हे काम आमच्या घरात मी जन्मापासून पाहत आलो आहे. विणलेलं कापड कापून घेतात, पण जुन्या ताण्याचे वीतभर दोरे मागावर फणीत तसेच ठेवतात. मग नव्या ताण्याचा एकेक दोरा त्या जुन्या टोकाला लावायचा, बोटांना राख घेऊन पीळ द्यायचा. असे हजारो दोरे. जुनं टोक नव्याला ओढून फणीतून पार नेतं. माग कधी रिकामा सोडत नाहीत. अगदी दिवाळीतही नाही.

बाबा बाहेर आले. गाडीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं.

"आपली कुठं हाये?"

"हेच आपली आता. जुनी एक्सचेंजमधे गेली बाबा. चला, कारध्याले जाऊन येऊ. बटनवर चालू होते हे."

"लहान्याचं काय ठेवलं तू?"

मला प्रश्नच कळला नाही. मी म्हटलं, "कायचं काय ठेवलं?"

"त्या गाडीचं. काही काढून ठेवलं का नाही?"

"नाही. पूरीच दिली."

"पूरी?" बाबा म्हणाले. आत आईचे हात थांबले होते. "पूरीच तोडून आला तू?"

ते आत गेले आणि मागावर बसले, ताणा अजून जोडून झाला नव्हता तरी. मी ओट्यावर उभा होतो. विणकराच्या घरात जन्मून, पन्नाशीला टेकून, मला एवढं कळलं नव्हतं. संताप आला होता मला. त्यांचा नव्हे, माझाच, पण मी तो गाडीच्या स्टँडवर काढला.

पंधरा दिवस नवी गाडी कव्हर घालून उभी राहिली. शोरूममधल्या ओळखीच्या माणसाकडून मी पत्ता काढला. गाडी सानगडीच्या एका शेतकऱ्याने घेतली होती. बाबांना म्हटलं, चला, त्याच्याकडून काहीतरी मागून आणू. नव्या गाडीवर ते बसणार नव्हते, म्हणून आम्ही एसटीने साकोलीला आणि तिथून सानगडीला गेलो.

धानाची मळणी चालली होती. गाडी खळ्याच्या कडेला उभी होती. पुढचं प्लास्टिक फुटलेलं, सीटवर पोतं बांधलेलं, चाकांना धानाच्या बांध्यांतला चिखल. मडगार्डवरही चिखलच. मला लाज वाटली, जणू बहीण चुकीच्या घरी दिली. पण तो माणूस भला निघाला. आम्ही कोण हे कळल्यावर त्याने आधी पाणी आणलं, मग खाट टाकली.

"लय चांगली गाडी हाये काकाजी," तो म्हणाला. "बांधीवरून भारे घेऊन येतो हिच्यावर. बॅटरी बसली, पण किकवर उठते."

"मारून दाखव," बाबा म्हणाले.

त्याने किक मारली. पहिली फुकट गेली. दुसरीला गाडी उठली. बाबा गाडीकडे पाहत नव्हते, त्याच्या पायाकडे पाहत होते. गाडी बंद झाल्यावर ते खाली बसले आणि किकच्या दांडीवरचं रबर चाचपू लागले. एका बाजूने ते पार झिजून गेलं होतं. जिथे भावाच्या बुटाची टाच पडायची, तिथे.

"भाऊ, हे देता का?"

"हे? काकाजी, आरसा घ्या, हँडलची मूठ घ्या. या रबराचं काय कराल जी?"

"लहान्याचा पाय हाये याच्यावर."

 पेचकस घालून त्या माणसाने ते रबर काढलं, पाण्याने धुतलं आणि दोन्ही हातांनी बाबांच्या हातात दिलं. म्हणाला, मी सायकलच्या ट्यूबचा तुकडा गुंडाळतो, तुम्ही चिंता करू नका.

त्याच क्षणी मला सांगायला हवं होतं. सांगितलं नाही. बसमध्ये बाबांनी रबर रुमालात गुंडाळून मांडीवर धरलं होतं आणि कितीतरी महिन्यांनी ते माझ्याशी मोकळेपणाने बोलत होते. धान यंदा बरं दिसते म्हणाले. नव्या गाडीचा रंग चांगला आहे म्हणाले. "हे लावून देऊ तिले, मंग जाऊ रविवारी," असंही म्हणाले. मी हो हो करत राहिलो. ते बोलणं तुटू नये एवढ्यासाठी मी भंडारा येईपर्यंत खरं काय ते सांगितलं नाही.

घरी आल्यावर चहाही न घेता त्यांनी कव्हर काढलं. उजव्या बाजूला उकिडवे बसले. इंजिनवरून हात फिरवला, पायदानाच्या मागे पाहिलं, वाकून खालून पाहिलं. मग डाव्या बाजूला जाऊन पाहिलं. मी ओट्यावर उभा होतो.

"किक कुठं हाये रे?"

"नाही बाबा. या गाडीले किकच नाही. नवीनमधे देत नाहीत."

 रबर बाबांच्या मुठीत होतं.

"मंग हे कुठं लावाचं?"

 आई दारात आली होती, ती आत गेली. शेवटी बाबाच उठले, गुडघे झटकले आणि म्हणाले, "गाडी चांगली हाये. तुयी काही चूक नाही." हे वाक्य त्यांनी इतक्या सौम्यपणे म्हटलं की मला रडू आलं. शिवी दिली असती तर बरं झालं असतं.

रविवारी संध्याकाळी मी ओट्यावर पेपर वाचत होतो. बाबा धुतलेला सदरा घालून बाहेर आले. "चाल," म्हणाले. मी धावतच जाऊन गाडी ओट्याला लावली. ते एक पाय टाकून मागे बसले. मी बटण दाबलं, गाडी पहिल्याच फटक्यात चालू झाली. बाबांनी उजवा हात माझ्या खांद्यावर ठेवला. कितीतरी वर्षं मी या हाताची वाट पाहिली होती.

पंजा उघडा नव्हता. मूठ होती, आणि मुठीत ते रबर. पूल ओलांडून कारध्यापर्यंत आणि तिथून घरापर्यंत ती मूठ माझ्या खांद्यावर होती. खड्ड्यातून गेलं की रबराची कडा हाडाला टोचायची. नवे शॉकअप फार चांगले आहेत, तरी टोचायची. मी गाडी हळू चालवली आणि बाबांना हात सैल करा असं एकदाही म्हटलं नाही.