बाबांना बांधलेला फेटा

बंगळुरूची बस हायवेवर थांबली तेव्हा बाबांनी माझी बॅग डिकीत टाकली, पण यंत्राचा खोका माझ्या मांडीवर ठेवला. "हा खाली नको ठेवू, बाय. दनके बसतील." ते यंत्र मी आणि माझा कॉलेजमधला मित्र रॉयस्टन, आम्ही माणिकपूरला त्याच्या गच्चीवर जोडलं होतं. विहिरीत सोडलं की पाण्यात खार किती चढलाय ते मोबाइलवर दिसायचं. खाडीकडच्या आमच्या वाडीतली विहीर दरवर्षी आणखी खारट होत होती. केळी करपल्यावरच ते आम्हाला कळायचं.

बंगळुरूला मोठं स्टार्टअप हब उभं राहिलं होतं. देशभरातल्या नव्या कंपन्या एका छपराखाली. त्यात आमची निवड झाली होती. आता आपल्याकडेही तसलंच हब व्हावं म्हणून आपल्या गोखिवऱ्याच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तुमचा जो जल्लोष चाललाय, तो वाचून हे लिहिते आहे. गावाबाहेर पडलेल्या आपल्या मंडळींनीही वाचावं. शाबासकीच्या अंगठ्यांचे इमोजी टाकण्यात तेच पुढे आहेत.

काचेची इमारत. आत झोपाळे, घसरगुंडी आणि त्यावर बसून फोटो काढणारे तिशीतले लोक. आमचे मेंटॉर आधी शांपू विकायचे. विहीर त्यांनी बहुधा सिनेमातच पाहिली असावी. पहिल्याच भेटीत म्हणाले, शेतकरी ठीक आहे, पण हे बाल्कनीतल्या कुंड्यांना चालेल का? मी हसले. रॉयस्टनने मान डोलावली. त्यानंतर वर्षभर आम्ही यंत्र तसूभरही सुधारलं नाही, फक्त त्याबद्दल बोलायला शिकलो. हात कुठे ठेवायचे, कुठल्या वाक्यावर थांबायचं, 'इम्पॅक्ट' किती वेळा म्हणायचं. घरी जाऊन यंत्र बसवून येते म्हटलं की उत्तर ठरलेलं, डेमो डे होऊ दे, गुंतवणूकदारांना यंत्र दाखवायचा दिवस. तोवर इकडे आमची केळी गेली.

डेमो डेला बडे पाहुणे येणार होते. हबच्या संचालकबाईंना स्टेजवर खराखुरा शेतकरी हवा होता. त्यांनी बाबांना विमानाने आणलं आणि स्टेजच्या मागे फेटा बांधला. चुलतभावाच्या लग्नातसुद्धा बाबांनी 'गरम होतं' म्हणून फेटा काढून ठेवला होता. इथे मान ताठ करून उभे राहिले.

"काका, इस मशीन से आपकी ज़िंदगी कैसे बदली?" बाईंनी विचारलं.

बाबांनी माझ्याकडे पाहिलं. "विहीर वाचली माझी," ते मराठीत म्हणाले. "पोरीनं वाचवली."

टाळ्यांचा कडकडाट झाला. बाबांना खोटं बोलताना मी पहिल्यांदाच पाहत होते, आणि ते माझ्यासाठी बोलत होते. मी बाईंच्या हातून माइक घेतला. "हे यंत्र यांच्या विहिरीत अजून उतरलेलंच नाही. केळी गेली. वर्षभर तुम्ही आम्हाला नुसतं बोलायला शिकवलंत."

कोणीतरी घाईघाईने संगीत लावलं.

बाहेर येऊन बाबांनी फेटा सोडला. "कशाला बोललीस? माझं काय जात होतं?"

"तुमची वाडी गेली ना, बाबा."

ते फेट्याची घडी घालू लागले.

रॉयस्टन तिथेच राहिला. कुंड्यांची यंत्रं विकतो, छान चाललंय. मला आठवडाभरात बाहेर काढलं. मी त्याच शहरात मीटर बनवणाऱ्या एका कारखान्यात लागले. झोपाळे नाहीत, पण बनवलेली वस्तू चालते की नाही ते दुपारपर्यंत कळतं. आता कन्नड बऱ्यापैकी बोलते. भाजीवाली मला 'अक्का' म्हणते.

पुढच्या सुट्टीत यंत्र घेऊन घरी आले. बाबांनी दोर धरला, मी यंत्र विहिरीत सोडलं. आकडा माझ्या भीतीपेक्षा वाईट निघाला. बाबांनी मोबाइल लांब धरून तो वाचला.

"म्हंजे इथे आता केळी नाय होनार."

"नाही होणार, बाबा."

त्यांनी दोर वर ओढला, हात धोतराला पुसले आणि शेजारच्या वाडीकडे चालू लागले. "चल, त्यांचं पन पानी बघू."

तुमचं हब खुशाल बांधा, फीत कापा. माझं घर विचाराल तर बंगळुरूची खोली आहे, गोखिवऱ्याचं दारही आहे. पण ज्याला वाईट आकडा आहे तसा सांगता येतो आणि जो तो ऐकून मला दिखाव्याचा फेटा बांधत नाही, असा एकच माणूस मला ठाऊक आहे. तो जिथे उभा असेल तिकडे जायला मी 'घरी जाते' म्हणते.