दोन रबरी रिंगा

माझी मावशी रक्त काढते. अशी ओळख करून दिली की समोरचा माणूस नकळत बाही खाली ओढतो आणि तिला हसू येतं. एका रुग्णालयाच्या लॅबमध्ये तिने एकतीस वर्षं काढली. निवृत्त झाल्यावर घरी बसली ती जेमतेम तीन आठवडे. चौथ्या आठवड्यात तिने लॅबच्या मोठ्या बाईंना फोन केला, "ज्यांना जिना उतरवत नाही, त्यांचं रक्त मी घरी जाऊन आणते. तुम्ही मला फक्त पेटी द्या." तेव्हापासून रोज सकाळी बर्फाची निळी पेटी शेजारच्या सीटवर पट्ट्याने बांधून ती आपल्या छोट्या लाल गाडीतून निघते.

लॅबमध्ये, आणि पुढे मोहल्ल्यातही, तिला सगळे 'दोनदाबाई' म्हणायचे. नळीवर चिठ्ठी लावायच्या आधी ती पेशंटचं नाव दोनदा विचारायची, लावल्यावर दोनदा वाचायची, आणि दुसऱ्याने लावली असली तर त्यालाही दोनदा वाचायला लावायची. लोक वैतागायचे. तिला त्याचं काही नव्हतं.

गाडी ती बावन्नाव्या वर्षी शिकली. काकांनी शिकवायला सुरुवात केली आणि दुसऱ्याच दिवशी "मला संसार टिकवायचाय, तू कुठल्या तरी क्लासला जा," म्हणून ते खाली उतरले. शिकल्यावर मात्र तिने त्या गाडीला जिवापाड जपलं. गाडीचं सगळं काम एक म्हातारे मेकॅनिक करायचे. त्यांना सारा मोहल्ला उस्ताद म्हणायचा. साधं ऑइल बदलायचं तरी ते गाडी दिवसभर ठेवून घ्यायचे आणि संध्याकाळी किल्लीबरोबर भाषणही द्यायचे. गेल्या वर्षी त्यांच्या गुडघ्यांनी हात टेकले. गॅरेज बंद झालं, आणि ते मुलीकडे राहायला गेले.

म्हणून मावशी मुख्य रस्त्यावरच्या त्या नव्या ठिकाणी गेली. 'दहा मिनिटांत ऑइल बदला, गाडीतून उतरूही नका,' अशी भली मोठी पाटी होती. खालच्या खड्ड्यात उभा राहून एक माणूस काम करत होता, वर दुसरा ऑइल ओतत होता, आणि भिंतीवरच्या मोठ्या घड्याळात लाल आकडे उलटे पळत होते. मावशीच्या मागे चार गाड्या. खालून एकदा कुणीतरी ओरडलं, "तिकडच्या गाडीचा नट अडकलाय, जरा ये रे!" पावलं पळाली, मग परत आली. नऊ मिनिटं चाळीस सेकंदांनी मावशी बाहेर होती. काकांना ती कौतुकाने म्हणाली, "आपण उगाच इतकी वर्षं दिवस दिवस घालवले."

दुसऱ्या दिवशी तिच्या पेटीत सहा जणांच्या नळ्या होत्या. शेवटची एका म्हाताऱ्या शिंपीकाकांची. त्यांची शीर म्हणजे लपंडाव. सापडायला पाऊण तास गेला होता. "आता पुन्हा नको गं बाई टोचूस," असं ती निघताना ते दोनदा म्हणाले होते. नदीवरच्या लांब पुलावर चढताना डॅशबोर्डवर लाल दिवा लागला. पुलावर कडेला थांबायला जागा नाही, मागून ट्रक हॉर्न मारतोय. मावशीने मनाशी म्हटलं, पूल संपला की थांबू. पूल संपायच्या आत इंजिनातून कुणीतरी डब्यात खडे घालून हलवावेत तसा आवाज आला. मग एक दणका, आणि सगळं गप्प. गाडी उतारावर घरंगळत कशीबशी कडेला लागली. मागे पुलाच्या टोकापर्यंत ऑइलचा काळा ओघळ दिसत होता.

आधी तिने पेटी उघडून बर्फ बघितला. नळ्या वेळेत पोचल्या नाहीत तर शिंपीकाकांना पुन्हा टोचावं लागणार होतं. तिने गाडीला कुलूप लावलं, पेटी उचलली आणि हात दाखवत रस्त्याच्या कडेने चालू लागली. एका बेकरीची गाडी थांबली. पावांच्या ट्रेंच्या मधे बसून, पेटी मांडीवर घेऊन ती लॅबमध्ये पोचली, सहाच्या सहा नळ्या मोजून दिल्या, सही घेतली, आणि मग बाहेरच्या बाकावर बसून रडली. हे तिने मला बऱ्याच दिवसांनी सांगितलं.

मावशीने फोन केल्यावर उस्ताद मुलीला घेऊन गॅरेजमध्ये आले. ज्याच्याकडे गाडी ओढून नेली होती, तो गॅरेजवाला एके काळचा त्यांचाच शिष्य. गाडी वर उचलली. गुडघ्यांमुळे उस्तादांना उभं राहवेना, म्हणून त्यांनी खुर्चीत बसूनच टॉर्च धरला आणि शिष्याला ऑइल गाळणारा फिल्टर काढायला सांगितलं. फिल्टर हातात आल्यावर त्यांनी एकच गोष्ट केली. नखाने एक काळी रबरी रिंग सोडवली, तिच्याखालून दुसरी, कडक झालेली, चपटी रिंग काढली, आणि दोन्ही मावशीच्या तळहातावर ठेवल्या.

"जुना फिल्टर काढला तेव्हा त्याची रिंग इंजिनलाच चिकटून राहिली. त्याने बघितलं नाही. तिच्यावरच नवीन बसवला. एकावर एक दोन रिंगा धरत नाहीत. जोर आला की वरची बाहेर फेकली जाते, आणि सगळं ऑइल मिनिटभरात रस्त्यावर." मग म्हणाले, "तुमच्या नावाला जागला बिचारा. दोनदा लावली."

मावशीला हसू आलं आणि त्याचाच रागही आला.

तिने दोन्ही रिंगा नमुन्याच्या पारदर्शक पिशवीत घातल्या, वर तारीख, वेळ आणि गाडीचा नंबर लिहिला, आणि काकांना सोबत न घेता त्या दहा मिनिटांच्या ठिकाणी गेली. मॅनेजर तिशीतला, इस्त्रीचा शर्ट घातलेला. आधी त्याने कानावर हात ठेवले. "मॅडम, गाडी जुनी आहे. इंजिनाचं वय झालं होतं."

"इंजिनाचं वय झालं होतं, रिंगेचं नाही," मावशी म्हणाली आणि पिशवी टेबलावर ठेवली.

त्याने पिशवी उलटसुलट करून बघितली. "पण लाल दिवा लागल्यावर तुम्ही लगेच थांबलात का?"

हा प्रश्न तिला लागला, कारण त्यात तथ्य होतं. "नाही थांबले," ती म्हणाली. "पूल होता. तेवढी चूक माझी. लिहून घ्या. आता तुमची लिहा."

मॅनेजरचा नूरच पालटला. त्याने खड्ड्यातल्या माणसाला वर बोलावलं. चाळिशीचा, सडपातळ, कोपरापर्यंत काळे हात. दोन गिऱ्हाइकांसमोर मॅनेजर त्याच्यावर खेकसला, "तुझ्यामुळे बाईंचं इंजिन गेलं. उद्यापासून येऊ नकोस!" तो माणूस पिशवीतल्या रिंगांकडे बघत राहिला.

मावशी त्याला झापायचं ठरवूनच आली होती. घरून निघताना वाक्यंसुद्धा जुळवली होती. पण तो ज्या तऱ्हेने त्या रिंगांकडे बघत होता ते बघून तिला स्वतःचे हात आठवले. नोकरीच्या सहाव्या वर्षी तिने दोन बायकांच्या नळ्यांवरच्या चिठ्ठ्या उलट लावल्या होत्या. त्यातल्या एकीला तीन दिवस वाटत राहिलं की आपल्याला मोठा आजार आहे. चौथ्या दिवशी घोळ सापडला. तेव्हाच्या मोठ्या बाईंनी तिला काढून टाकलं नाही. समोर बसवून त्या सकाळचा मिनिटामिनिटाचा हिशेब विचारला. फोन त्याच टेबलावर होता, आणि चिठ्ठ्या लावता लावता ती तो घ्यायला उठली होती. बाईंनी त्याच दिवशी फोन दुसऱ्या खोलीत हलवला. मग म्हणाल्या, "आता त्या बाईच्या घरी जा आणि तुझ्या तोंडाने सांग." दारात उभं राहून ते सांगणं हे मावशीने आयुष्यात केलेलं सगळ्यात अवघड काम. दोनदाबाई ती त्या दिवसापासून झाली. त्या मोठ्या बाई सोडल्या तर हे लॅबमध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं.

"याला काढलंत तर तुम्ही सुटाल, पण भिंतीवरचं ते घाईचं घड्याळ तसंच राहील," ती मॅनेजरला म्हणाली. "माझ्या गाडीखाली असताना याला दुसरीकडे कुणी बोलावलं होतं? मी ऐकलंय. इंजिन तुम्ही दुरुस्त करून देणार, त्यावर चर्चा नको. आणि इंजिन उघडतील त्या दिवशी हा तिथे हजर पाहिजे. कामावर असलेला. काढलेला नव्हे."

तो आला. सुट्टीच्या दिवशी, धुतलेला शर्ट घालून. उस्ताद खुर्चीत बसून सूचना देत होते. इंजिन उघडलं तेव्हा आतले दांडे तापून निळे-काळे पडलेले होते, आणि बेअरिंगची नाजूक चकती फाटून कागदासारखी दुमडली होती. उस्तादांनी ती त्याच्या हातात दिली. तो बराच वेळ ती बोटांनी चाचपत राहिला.

"सहा वर्षं मी ऑइल बदलतोय," तो हळूच म्हणाला. "दिवसाला तीस-तीस गाड्या. इंजिन आतून आज पहिल्यांदा बघितलं."

उस्तादांना भाषण द्यायची केवढी संधी होती. पण त्यांनी दिलं नाही. त्याला फक्त एक स्टूल पुढे सरकवलं.

मग तो मावशीकडे वळला. "ताई, मला तुमच्या गाडीवरून बोलावलं होतं खरं. पण परत आल्यावर हात फिरवून बघायला किती वेळ लागतो? दोन सेकंद. ते माझंच चुकलं."

"हो," मावशी म्हणाली. "ते तुमचंच." मला हे सांगताना ती म्हणाली, त्या क्षणी नाही नाही म्हणून त्याची समजूत घातली असती, तर तो त्याचा अपमान झाला असता.

इंजिन तयार व्हायला दोन महिने लागले. कंपनीच्या वरच्या साहेबांकडून मंजुरी यायची, फोन फिरायचे, मावशी रोज बसने पेटी न्यायची आणि कंडक्टर रोज विचारायचा, "आज काय, आइस्क्रीम का?" त्या दिवसांत तिची चिडचिड आम्ही सगळ्यांनी भोगली. क्षमा वगैरे केली असली तरी बसस्टॉपवर उभं राहून पाय दुखायचे ते दुखायचेच. त्या ठिकाणचं घड्याळ अजूनही तिथेच आहे. ते काढणं मॅनेजरच्याही हातात नाही. इतकंच झालं की फिल्टरचं काम चालू असताना खड्ड्यातल्या माणसाला हाक मारायची नाही, असं त्याने ठरवून दिलं, आणि जुना फिल्टर रिंगेसकट गिऱ्हाइकाला दाखवायची पद्धत पडली. काही गिऱ्हाइकं नाक मुरडतात म्हणे.

"मग आता तू तिथेच जातेस का?" मी तिला विचारलं.

"वेड लागलंय का मला?" ती म्हणाली. "त्याच्यावर राग नाही, एवढंच. गाडी नाही देणार."

नंतर एका संध्याकाळी भाजीच्या दुकानात तो खड्ड्यातला माणूस तिला भेटला. बायको बरोबर होती. तो जरा अवघडला आणि बायकोला म्हणाला, "याच त्या." बायकोला हसावं की घाबरावं कळेना. शेवटी ती म्हणाली, "त्या दिवशी घरी आल्यावर हे जेवलेच नाहीत हो."

"मीसुद्धा नव्हते जेवले," मावशी म्हणाली.

तिघंही थोडं हसले. त्याच्या बायकोने मावशीच्या टोपलीतला एक टोमॅटो उचलून बाजूला ठेवला. "हा मऊ पडलाय ताई, दुसरा घ्या," म्हणाली, आणि स्वतःच ढिगातून निवडून एक चांगला, घट्ट टोमॅटो काढून दिला.