मावशींचं नाव आदेशात नव्हतं

माझ्या शिवणाच्या दुकानाला लागूनच मावशींचं इस्त्रीचं टेबल. इस्त्रीवर पाण्याचा थेंब टाकायचा, तो चर्र वाजला की मगच कापडाला लावायची, ही त्यांची पद्धत. उभ्या जन्मात त्यांनी कुणाचं कापड जाळलं नाही. जाळणारा त्यांच्या पोटी जन्मला होता.

मुलगा न पिताच बायकोवर हात उचलायचा, त्यामुळे दोष दारूच्या माथी मारायचीही सोय नव्हती. शेवटी सुनेनं कौटुंबिक न्यायालयात संरक्षण आदेशासाठी अर्ज केला. मावशींनी तिच्या बाजूनं साक्ष दिली. न्यायाधीशबाई म्हणाल्या, "तुम्हीही त्याच घरात राहता. तुमचंही नाव आदेशात घालू?"

"नको. मला तो काही करत नाही."

बाहेर आल्यावर मी भडकले. मावशी म्हणाल्या, "सगळ्यांनीच दार लावलं तर तो जेवेल कुठं? तुला लेकरू नाही, तुला नाही कळायचं." आजही त्या वाक्याचा राग येतो.

सून आणि नातीच्या जवळ जायचं नाही, घरात पाऊल टाकायचं नाही, असा आदेश निघाला. पठ्ठ्यानं तो तंतोतंत पाळला. घराकडे फिरकला नाही. रोज दुपारी टेबलापाशी यायचा, आईचा डबा खायचा आणि हात धुऊन विचारायचा, "तिच्या बाजूनं बोललीस ना?" आधी डबा भिरकावला, मग थोबाडीत मारली. मी पोलीस बोलावला. त्यानं आदेश वाचला. "यात आजींचं नाव नाही. आजी, तुमची काही तक्रार?"

"नाही."

एका दुपारी मी बटणं आणून परतले, तर मावशींचा डावा हात बादलीत होता. तळव्यावर इस्त्रीचं टोक उमटलं होतं. सून रडतच त्यांना पुन्हा न्यायालयात घेऊन गेली, मीही गेले.

"हात कसा भाजला?"

"इस्त्री निसटली."

"मुलगा तिथं होता?"

"नव्हता."

न्यायाधीशबाईंनी पुन्हा विचारलं, समजावलं, नाव अजूनही घालता येईल म्हणाल्या. मावशींनी मान हलवली. मुलगा समोर बसला होता, अगदी सभ्य. अंगात पांढरा शर्ट, बाहीवर कडक घडी. ती घडी मी कुठंही ओळखेन. त्या दिवशी सकाळी मावशींनी ती एका हातानं पाडली होती.